वारस नोंद, नावातला फरक आणि बहिणींचा हिस्सा : प्रतिज्ञापत्राने काय होतं, काय होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचे वडील गेल्या वर्षी वारले. गावी त्यांच्या नावावर दोन एकर जमीन आहे. सातबारावर नाव 'पांडू रामा' असं लागलेलं आहे. आधार कार्डावर आणि मृत्यूच्या दाखल्यावर मात्र 'पांडुरंग रामचंद्र'. घरात आई, ते स्वतः आणि वडिलांची म्हातारी आई. दोन बहिणी लग्न होऊन गेलेल्या, त्यांतली एक मस्कतला असते. तलाठी कार्यालयात वारस नोंदीसाठी प्रतिज्ञापत्र मागितलं. तहसीलबाहेर टायपिंग करणाऱ्याने सांगितलं, पाचशेचा स्टँप आणा, नोटरी करून घ्या, 'बहिणींना हिस्सा नको' हेही त्यातच घालतो, एका कागदात सगळं होऊन जाईल. ते विचारतात, खरंच होईल का?

नाही होणार. यात तीन वेगळी कामं आहेत : मयताचे वारस कोण हे सांगणं, दोन्ही नावं एकाच माणसाची हे सांगणं आणि बहिणींनी आपला हिस्सा सोडणं. पहिली दोन प्रतिज्ञापत्राने होतात. तिसरं कितीही रुपयांच्या स्टँपवर लिहिलं, दहा नोटरींचे शिक्के मारले, तरी प्रतिज्ञापत्राने होत नाही. तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना भावाबहिणींचे जे दावे माझ्याकडे येतात, त्यांतले बरेचसे या एकाच गैरसमजातून उभे राहिलेले असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रतिज्ञापत्र म्हणजे स्वतःला माहीत असलेली वस्तुस्थिती लेखी मांडून, शपथ देण्याचा अधिकार असलेल्या माणसासमोर ती खरी आहे असं सांगणं. त्यात सांगण्यापलीकडे काही नाही. त्याने मालकी इकडची तिकडे होत नाही, हक्क तयार होत नाही, संपतही नाही. 'ही माझी सख्खी बहीण आहे' हे प्रतिज्ञापत्रात सांगता येतं. 'माझा हिस्सा मी भावाला दिला' हे सांगणं नाही, तो व्यवहार आहे, आणि स्थावर मिळकतीच्या व्यवहाराला नोंदणी कायदा लागतो.

आता पहिलं काम, वारसांचं. इथेच सर्वांत जास्त काळजी घ्या. वडील मृत्युपत्र न करता वारले असतील तर हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे पहिल्या वर्गाच्या वारसांत विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई हे सगळे एकाच वेळी, सारख्या हक्काने येतात. म्हणजे तुमची आजीसुद्धा वारस आहे. प्रश्नात तुम्ही तिचा उल्लेख घरातलं माणूस म्हणून केला आहे, वारस म्हणून नाही, आणि टायपिंगवाल्याच्या तयार मसुद्यातही तिला जागा नसणार. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल तर पाच वारसांचे पाच सारखे हिस्से. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल तर हिश्शांचा हिशेब वेगळा पडतो, पण वारसांच्या यादीत नावं हीच पाच राहतात. मुलींचं लग्न कधी झालं, हुंडा दिला की नाही, माहेरी येणंजाणं आहे की नाही, याने यादी बदलत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासून आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या 2020 च्या निकालात पुरतं स्पष्ट केलं आहे.

तयार मसुद्यांत एक वाक्य हमखास असतं : 'मयतास माझ्याव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाही, भविष्यात वाद उद्भवल्यास सर्वस्वी जबाबदारी माझी राहील.' आधीच्या कोणाच्या तरी कामासाठी लिहिलेलं हे वाक्य संगणकात तसंच राहतं, वरची नावं बदलतात आणि खाली तुमची सही होते. बहिणी आणि आजी हयात असताना त्या वाक्याखाली सही करणं म्हणजे शपथेवर खोटं सांगणं आहे. 'जबाबदारी माझी' असं लिहिल्याने ते खरं होत नाही. त्याऐवजी साधं, तपशीलवार लिहा. 'माझे वडील अमुक तारखेला अमुक ठिकाणी मयत झाले. त्यांच्या पश्चात त्यांची आई, पत्नी, मी व दोन मुली असे पाच वारस हयात आहेत. त्यांची नावे, वये, मयताशी नाते व राहण्याची ठिकाणे पुढीलप्रमाणे.' मस्कतच्या बहिणीचं नाव आणि सध्याचा पत्ता त्यात आलाच पाहिजे. एखादं भावंड वडिलांच्या आधी वारलं असेल तर तेही लिहा, कारण त्याच्या मुलाबाळांना हक्क असू शकतो.

वारस नोंदीसाठी सगळ्यांनी येऊन प्रतिज्ञापत्र करायची गरज नाही. अर्ज करणाऱ्या एका वारसाचं प्रतिज्ञापत्र सहसा पुरतं. बाकीच्यांची नावं खरी आणि पूर्ण असली म्हणजे झालं. त्यामुळे बहिणीला मस्कतहून बोलावू नका. अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, धरतात, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. तुम्हाला उशीर झाला आहे, पण म्हणून नोंद अडत नाही, फक्त आता आणखी लांबवू नका. आणि फेरफाराने मालकी ठरत नाही, ती महसुलासाठीची नोंद असते. एखाद्या बहिणीचं नाव सातबारावर लागलं नाही म्हणून तिचा हक्क गेला असं होत नाही.

दुसरं काम, नावाचं. खेड्यापाड्यांत हा फरक घरोघरी सापडतो. जुन्या नोंदी करणाऱ्याने हाक मारायचं नाव लिहिलं, शाळेत मास्तरांनी दुसरं लिहिलं, आधार काढताना तिसरंच लागलं. यासाठी 'पांडू रामा व पांडुरंग रामचंद्र ही एकाच व्यक्तीची, म्हणजे माझ्या वडिलांची नावे आहेत' असं प्रतिज्ञापत्र चालतं, पण एकटं चालत नाही. त्याला आधार जोडावा लागतो. जुनं रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, मतदार यादी, सोसायटीचं कर्जखातं, विजेचं बिल, यांपैकी ज्या कागदावर एका बाजूला सातबाराचं नाव आणि दुसऱ्या बाजूला तोच पत्ता किंवा तोच गट नंबर दिसतो, तो कागद सोन्यासारखा. प्रतिज्ञापत्रात त्या कागदाचा उल्लेख करा आणि प्रत जोडा. सातबारावरचं नाव लेखनाच्या चुकीने बिघडलं असेल तर महसूल संहितेच्याच कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. प्रतिज्ञापत्राने सातबारावरची अक्षरं बदलत नाहीत, ती आदेशाने बदलतात. हयात माणसाच्या नावाचंही असंच आहे : नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र करून थांबलात तर बदल तुमच्यापुरता राहतो. राजपत्रात प्रसिद्धी झाली की मग पासपोर्ट, बँक, नोकरी इथे तो पुढे सरकतो.

आता स्टँपचं. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रात प्रतिज्ञापत्राचा मुद्रांक 100 रुपयांवरून 500 रुपये झाला, हे खरं आहे. पण जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, राष्ट्रीयत्वाचा दाखला, आणि एकूणच शासकीय कार्यालयांत किंवा न्यायालयांत दाखल करायची प्रतिज्ञापत्रं, यांचं मुद्रांक शुल्क राज्य शासनाने 2004 च्या अधिसूचनेने माफ केलेलं आहे. तुमचं वारसाचं प्रतिज्ञापत्र तलाठ्यांकडे जाणार आहे. ते साध्या कागदावर करा. काउंटरवर कोणी 'स्टँप लागेल' म्हणालं तर वाद न घालता अधिसूचनेची प्रत दाखवा आणि अर्ज स्वीकारत नसाल तर तसं लेखी द्या, असं शांतपणे सांगा. शिवाय मार्च 2015 च्या शासन निर्णयाने अनेक दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राची अटच काढून त्याजागी स्वयंघोषणापत्र आणि स्वतः सही केलेल्या प्रती पुरेशा ठरवल्या आहेत. गरीब माणसाचे पाचशे रुपये आणि एक दिवसाची मजुरी यात वाचते. ती वाचलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

बँक, विमा कंपनी, गृहनिर्माण संस्था अशा खाजगी ठिकाणी द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मात्र 500 चा मुद्रांक लागतो. तो ज्याचं काम आहे त्याच्या नावाने घ्या आणि घरात पडलेला जुना स्टँप वापरू नका. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या कलम 52-बी प्रमाणे खरेदीपासून सहा महिन्यांत न वापरलेला मुद्रांक बाद होतो.

शपथ कोणासमोर घ्यायची? तहसीलदार किंवा नायब तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून घेतात, तहसीलच्या सेतू केंद्रात ते काम चालतं. नोटरी कायदा, 1952 खाली नेमलेले नोटरी घेतात. कोर्टात द्यायचं असेल तर कोर्टातले अधिकृत कर्मचारीही घेतात. ठिकाण कुठलंही असो, प्रत्यक्ष समोर जाऊन सही करा. घरी सही करून कागद कोणाच्या तरी हाती पाठवायचा आणि संध्याकाळी शिक्का मारून परत आणायचा, ही पद्धत फार बोकाळली आहे. नोटरीने तुमची ओळख पटवायची असते, मजकूर तुम्हाला कळला आहे का ते विचारायचं असतं, शपथ द्यायची असते आणि रजिस्टरला नोंद करून तिथे तुमची सही घ्यायची असते. रजिस्टरचा अनुक्रमांक प्रतिज्ञापत्रावर येतो. पुढे 'ही सही माझी नाही' असा वाद निघाला तर तो क्रमांक आणि रजिस्टरमधली सहीच उपयोगी पडते. तुमच्या आजीला लिहिता येत नसेल आणि तिला कुठलं प्रतिज्ञापत्र करावं लागलं, तर अंगठा घेण्याआधी मजकूर तिला तिच्या भाषेत वाचून दाखवला आणि तो तिला समजला, असा शेरा त्याखाली असलाच पाहिजे. तो नसेल तर सही-अंगठ्याच्या वादात कागद टिकणं अवघड होतं. कोऱ्या जागा ठेवू नका, प्रत्येक पानावर सही करा, खाडाखोड झाली तर तिथे लघुसही करा.

मजकुराबद्दल एक नियम, जो वकीलसुद्धा घाईत विसरतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 19, नियम 3 प्रमाणे प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या माहितीतल्या गोष्टीच लिहायच्या असतात. अंतरिम, म्हणजे दावा चालू असतानाच्या तात्पुरत्या, अर्जांत ऐकीव किंवा समजुतीची गोष्ट चालते, पण ती कशावरून समजली ते सांगावं लागतं. मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक या 1952 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं होतं : किती भाग स्वतःच्या माहितीचा आणि किती समजुतीचा हे वेगळं दाखवा, माहितीचा उगम सांगा, नाहीतर ढिसाळ सत्यापनापायी प्रतिज्ञापत्र नाकारलं जाऊ शकतं. तुमच्या बाबतीत सांगायचं तर, 'आजोबांनी ही जमीन 1962 साली विकत घेतली' हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तेव्हा 'फेरफार क्रमांक अमुक वरून मला समजलेलं आहे' असं लिहा. 'वडील अमुक रोजी घरी वारले, मी तिथे हजर होतो' हे मात्र तुमचं स्वतःचं. अशी फोड केलेलं प्रतिज्ञापत्र उलटतपासात टिकतं, कारण साक्षीदाराला आपण काय पाहिलं आणि काय ऐकलं याचा गोंधळ होत नाही.

उलटतपासाचा विषय निघाला म्हणून. कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं म्हणजे गोष्ट सिद्ध झाली असं नाही. सुधा देवी विरुद्ध एम. पी. नारायणन या 1988 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की नुसतं प्रतिज्ञापत्र पुरावा कायद्याच्या अर्थाने पुरावा नव्हे. कोर्टाने तसा आदेश दिला तरच ते पुरावा म्हणून घेतलं जातं. नवा भारतीय साक्ष्य अधिनियमही न्यायालयांत दिलेल्या प्रतिज्ञापत्रांना लागू होत नाही. मनाई हुकमाच्या, म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरच्याला थांबवण्याच्या, अर्जावर (निशाणी 5) कोर्ट दोन्ही बाजूंच्या शपथपत्रांवर, म्हणजे प्रतिज्ञापत्रांवर, तात्पुरतं मत बनवतं. दावा चालतो तेव्हा सरतपासाचं, म्हणजे साक्षीदाराच्या स्वतःच्या जबाबाचं, शपथपत्र दाखल होतं, पण ते देणाऱ्याला पिंजऱ्यात उभं राहून उलटतपासाला सामोरं जावंच लागतं. पोटगीच्या प्रकरणांत रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालापासून नवरा-बायको दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं. तिथे पगार लपवणारा माणूस पहिल्या पानावरच अडकतो.

खोट्याची शिक्षा? 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम 229 प्रमाणे न्यायालयीन कामात खोटा पुरावा दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, इतर बाबतींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. खोट्या कथनाबद्दल कलम 236 आणि 237 आहेत. जुन्या छापील नमुन्यांवर अजून भारतीय दंड संहिता 193, 199, 200 असंच असतं. नवे क्रमांक घालून घ्या. शिक्षा प्रत्यक्षात रोज होते असं मी म्हणणार नाही, न्यायालयातल्या खोट्या शपथपत्रासाठी कारवाईची प्रक्रिया त्या न्यायालयाच्या तक्रारीतून जाते आणि वेळ घेते. पण खोटं प्रतिज्ञापत्र उघड झालं की त्या माणसाच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही कोर्टाचा विश्वास उरत नाही, आणि हा तोटा मी शिक्षेपेक्षा मोठा मानते.

नोटरीच्या शिक्क्याबद्दल लोकांच्या मनात जो भ्रम आहे तो इथेच काढते. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरीवर घेतलेला गुंठा, नोटरीवर केलेली फ्लॅटची खरेदी यांनी मालकी मिळत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. तसंच लग्न आणि घटस्फोट. नोटरीने केलेलं लग्नाचं किंवा सोडचिठ्ठीचं प्रतिज्ञापत्र हे लग्नही नाही आणि घटस्फोटही नाही. नोटरींना त्याचा अधिकार नाही, असं केंद्रीय विधी मंत्रालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये पुन्हा लेखी कळवलं आहे. अशा कागदावर विसंबून दुसरं लग्न केलेल्या बायका नंतर पोटगीसाठी आणि पेन्शनसाठी वणवण करतात, ते पाहवत नाही. जन्म-मृत्यूच्या उशिरा नोंदीतही प्रतिज्ञापत्र हा अर्जाबरोबरचा एक कागद असतो. एक वर्षानंतरच्या नोंदीचा आदेश 2023 च्या दुरुस्तीपासून जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. वडिलांच्या बँकेतल्या ठेवी किंवा शेअर नामनिर्देशन नसताना काढायचे असतील आणि रक्कम मोठी असेल, तर वारसाच्या प्रतिज्ञापत्रावर काम भागत नाही, भारतीय वारसा कायदा, 1925 खालचं सक्सेशन सर्टिफिकेट (कोर्टाचा वारसा दाखला) लागू शकतं. गोव्यात तर वारस ठरवण्याची पद्धतच वेगळी आहे. तिथे 2012 च्या वारसा कायद्याखाली विशेष नोटरीसमोर वारसांचा जाहीर दस्त होतो. गोव्यात मिळकत असलेल्यांनी इथला नमुना तिकडे नेऊ नये.

उरलं तिसरं काम, बहिणींच्या हिश्शाचं. आधी वारस नोंद करून पाचही नावं सातबारावर लागू द्या. त्यानंतर बहिणींची खरोखर इच्छा असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. जवळच्या नात्यांत वडिलोपार्जित मिळकतीचं, मोबदला न घेता केलेलं हक्कसोडपत्र असेल तर मुद्रांक नाममात्र असतो. दस्ताच्या मजकुराकडे लक्ष द्या : कोणाच्या लाभात हक्क सोडला ते नाव घालून लिहा. एकट्या भावाच्या लाभात सोडायचा की आईच्याही, हे बहिणींनी ठरवायचं, टायपिंगवाल्याने नाही. आणि माझी विनंती आहे, बहिणींना दस्त एक दिवस आधी वाचायला द्या, हवं तर त्यांच्या ओळखीच्या वकिलाला दाखवू द्या. 'नको आहे' हे राखीपौर्णिमेला बोललेलं आणि पूर्ण समजून सही केलेलं, यांत फरक असतो. एखादीने विचार बदलला तर तो तिचा हक्क आहे. तेवढ्यावरून तिच्याशी बोलणं टाकू नका.

मस्कतच्या बहिणीला हक्कसोडपत्रासाठी येता येत नसेल तर तिने तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन त्याच कामापुरतं खास मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करावं. त्यात गट नंबर, क्षेत्र आणि कोणाच्या लाभात हक्क सोडायचा ते नेमकं लिहावं. मुखत्यार म्हणून ज्याला हिस्सा मिळणार आहे त्याला, म्हणजे तुम्हाला, नेमण्यापेक्षा दुसऱ्या बहिणीला किंवा मामांना नेमणं बरं, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवणार नाही. मुखत्याराने तिच्या वतीने प्रतिज्ञापत्र करायचं नाही, हेही लक्षात ठेवा. जे फक्त तिला माहीत आहे ते दुसऱ्याने शपथेवर सांगता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानकी भोजवानी प्रकरणात 2004 मध्येच सांगितलं आहे. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचा मुद्रांक भरून घ्यावा लागतो. पाकीट आलं की ते कपाटात ठेवू नका, आल्याची तारीख पाकिटावर लिहा आणि ते पाकीटही जपून ठेवा, कारण मुदत कधीपासून मोजायची याचा तोच पुरावा असतो.